तांबड्याच्या शेजारचा हिरवा

लतिकावहिनींच्या घरी हळदीकुंकू असलं की दुबईतल्या अल मनखूलमधल्या त्या जुन्या इमारतीची लिफ्टसुद्धा नटते, असं छाया म्हणायची. संक्रांतीनंतरचा पहिला शनिवार होता. लिफ्टमध्ये पैठण्यांची सळसळ, गजऱ्यांचा वास, आणि चौथ्या मजल्यावर दारापुढे चपलांचा एवढा ढीग की आपली नेमकी कुठली ते देवच जाणे. वहिनींच्या यजमानांचा मसाल्यांचा व्यापार. त्यामुळे त्यांच्या घरची हळद सांगलीहून खास दळून आलेली असायची. चिमटीत धरली तर बोट दोन दिवस पिवळं.

"या या, सायंटिस्टबाई!" वहिनींनी छायाच्या कपाळावर हळदीचं भलंमोठं बोट टेकवलं, त्यावर कुंकू.

"वहिनी, जरा बेतानं. मला इथून थेट लॅबला जायचंय."

"मग जा की. हळद लावली म्हणून शारजाच्या हद्दीवर अडवतात का काय तुला?"

बायका हसल्या. कुणीतरी हलव्याची वाटी पुढे केली. वहिनींनी छायाला हाताला धरून सोफ्यावर बसवलं. "ते असू दे. तू तिथे वर्षभर करतेस काय, ते एकदा मराठीत सांग. राजनभावजींना विचारलं तर म्हणतात, ठिपके मोजते."

"ठिपकेच मोजते." छायानं हलव्याचा एक काटेरी दाणा तळहातावर घेतला. "हा दाणा दहा लाख पट लहान करा. तेवढा एक कण. क्वांटम डॉट म्हणतात. त्याच्यावर उजेड टाकला की आतला एक इलेक्ट्रॉन उडी मारून माळ्यावर जातो. खाली त्याची जागा रिकामी राहते. ती रिकामी जागा त्याला ओढत राहते. मग तो खाली येतो, आपल्या जागी बसतो, आणि उतरताना जे ओझं टाकतो ना, तोच उजेड आपल्याला दिसतो."

"आणि रंग?"

"घर जितकं लहान, तितका माळा उंच. उंचावरून उतरला तर उजेड निळा. घर मोठं, माळा ठेंगणा, तर तांबडा. माल एकच. रंग नुसत्या आकाराचा."

"आणि तो परत आलाच नाही तर?" वहिनींनी विचारलं.

"काही उंबऱ्यावर अडकतात. कणाची कड तुटकी असली की तिथेच घुटमळतात. मग उजेड नाही. नुसती धग."

त्या खोलीत एक डेंटिस्ट होती, दोन सीए होत्या, एक संस्कृतची सुवर्णपदकवाली होती. सगळ्या नवऱ्याच्या व्हिसावर.

"म्हणजे आपल्यातल्या निम्म्या," वहिनी म्हणाल्या, आणि हशा असा फुटला की वाटीतला हलवा सांडला. "आता याच्यावरच नाव घे बाई. सुटका नाही."

छाया लाजली. मग पदर सावरून म्हणाली,

"धाकट्या कणाला निळा शालू, थोरल्याला तांबडा शेला,
राजनरावांचं नाव घेते, वाण लुटायचा वेळ झाला."

त्या टाळ्या कानात घेऊनच ती खाली उतरली आणि शारजाच्या रस्त्याला लागली.

लॅब शनिवारी रिकामी असायची. छायानं पैठणीवरच पांढरा कोट चढवला, हातमोजे घातले, चष्मा लावला. टेबलावर कुपी तिची वाट बघत होती. आदल्या दिवशी ईशानीनं शिजवलेले तांबडे कण. ईशानी पीएचडीची मुलगी, मूळची कोल्हापूरची. कण बनवायचे तिनं, मोजायचे छायानं, अशी कामाची वाटणी होती. "ताई, उद्याच्या उद्या मोजा हं, नंतर तेज उतरतं," असा तिचा निरोप फोनवर होता.

छायानं कुपीतलं थोडं द्रावण चौकोनी काचेच्या नळीत घेतलं, टोल्युइन घालून पातळ केलं, यंत्रात ठेवलं आणि दिवा मालवला. जांभळा झोत पडला. पडद्यावर रेघ चढू लागली. सहाशेतीस नॅनोमीटरला तांबड्याचा डोंगर उभा राहिला, जसा राहायला हवा होता तसाच. पण त्याच्या डावीकडे, पाचशेदहाच्या आसपास, एक लहानसा हिरवा उंचवटा होता. मोठ्या गाईला टेकून वासरू बसावं तसा.

तिनं पुन्हा मोजलं. वासरू जागचं हललं नाही. फोटो काढून तिनं डॉक्टर खैरुद्दीनना पाठवला. लॅबचे प्रमुख, हैदराबादचे, साठीला आलेले, शनिवारी कुणाचा फोन न घेणारे. त्यांचाच फोन आला.

"छाया जी, ये क्या भेज दिए आप? एक ही डॉट में दो रंग?"

"सर, दो बार देखी मैं. दोनों बार है."

"कल तीसरी बार देखिए. फिर मेरे को बोलिए."

एका कणाचा रंग एकच असतो. वर गेलेला इलेक्ट्रॉन आधी माळ्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर घसरतो आणि मगच उजेड सोडतो. मधल्या पायरीवरूनच त्यानं उजेड सोडला तर तो दुसरा रंग. असं सहसा होत नाही. होत असेल, तर कशामुळे होतं हे सांगणाऱ्याला जगात विचारतात. म्हणून म्हातारा हरखला होता.

रविवारी तिसऱ्यांदा, सोमवारी चौथ्यांदा, त्याच कुपीतलं द्रावण घेऊन मोजलं. हिरवा तिथेच. खैरुद्दीन स्वतः अंधाऱ्या खोलीत येऊन बसले, पडद्याकडे बघत राहिले, आणि उठताना म्हणाले, "फरवरी के आखिर में अबुधाबी की कॉन्फरन्स में ये जाएगा. आपका कॉन्ट्रॅक्ट कब तक है?"

"अट्ठाईस फरवरी, सर."

"ये पक्का निकला तो रिन्यूअल की फाइल मैं खुद ले के जाऊँगा. नहीं निकला तो..." ते थांबले. आडपडदा ठेवणारा माणूस नव्हता. "ऊपर वाले अभी से पूछ रहे हैं, मोजने के लिए अलग आदमी कायको. आप समझ रहे ना?"

समजत होतं. पुण्याला पीएचडी करून छाया राजनच्या मागे इथे आली तेव्हा तीस वर्षांची होती. मग ईश्वरी झाली. मग नऊ वर्षं शारजातल्या अल मजाजच्या सतराव्या मजल्यावरून खालिद लगूनचं पाणी. सकाळी निळं, दुपारी पांढरं, संध्याकाळी कारंज्याच्या रंगाचं. त्या पाण्याचे सगळे रंग तिला पाठ होते. नऊ वर्षांनी गळ्यात ओळखपत्राची पट्टी पडली तेव्हा तिनं पहिल्या दिवशी ती घरी येऊनही काढली नव्हती. ती पट्टी आता या हिरव्याला लटकली होती.

फक्त एक अडचण होती. हिरवा दुसऱ्यांदा होईना.

ईशानीनं तीच कृती पुन्हा केली. नुसता तांबडा. तेल बदललं, तापमान दोन अंशांनी वर नेलं, खाली आणलं. तांबडा, तांबडा, तांबडा. तीन आठवड्यांत अकरा वेळा तिनं फ्लास्क चढवला आणि अकराही वेळा छायानं अंधारातून बाहेर येऊन मान हलवली. पोरीच्या डोळ्यांखाली काळं आलं.

"ताई, मी त्या दिवशी काय वेगळं केलं होतं? आठवून आठवून डोकं फुटायची वेळ आली."

"सापडेल ग."

"सरांना वाटतंय माझा हात स्थिर नाही."

"म्हातारा बडबडतो. मनावर घेऊ नकोस," छाया म्हणायची, आणि मनातून तिला वाटायचं, कर ग बाई, अजून एकदा कर, माझ्यासाठी कर.

फेब्रुवारीचा दुसरा रविवार. ईश्वरीच्या शाळेत विज्ञानाचं प्रदर्शन होतं, म्हणून छायानं लॅबमधली जुनी जांभळी टॉर्च आणली होती. पोरगी दुपारभर घरात फिरून कशाकशावर झोत टाकत होती. कपड्यांच्या साबणावर, पाचशे दिरहमच्या नोटेवर, बाबांच्या दातांवर.

"बाबा, युअर टीथ आर ग्लोइंग! सो क्रीपी!"

"हो ना, त्याचे पैसे लागतात डेंटिस्टकडे," राजन पेपरामागून म्हणाला.

छाया ओट्याशी पोळ्या लाटत होती. ईश्वरीनं स्वयंपाकघराचा दिवा बंद केला.

"अगं ए, दिसत नाही मला!"

"मम्मा, वेट. लुक! युअर डॉट्स आर इन द पिकल!"

कैरीच्या लोणच्याची बरणी होती. वर तेलाचा बोटभर थर. त्या तेलात जांभळा झोत शिरला होता आणि तेल आतून पेटल्यासारखं हिरवं झालं होतं. शांत, गोड, ओळखीचं हिरवं.

लाटणं हातात तसंच राहिलं.

"मम्मा? इजन्ट इट प्रिटी?"

"हो बाळा," छाया म्हणाली. "फार."

हळद. तेलात विरघळलेली हळद. आणि मग त्या शनिवारची संध्याकाळ तिच्यासमोर उलगडत गेली, एकेक घडी, पैठणीसारखी. लतिकावहिनींनी कपाळावर टेकवलेलं ते भलंमोठं बोट. घामानं घसरणारा चष्मा. हातमोजा घातलेल्या अंगठ्यानं तो कपाळाशी वर सारलेला, एकदा नाही, तीन-चारदा. नळीचं झाकण सापडेना म्हणून त्याच अंगठ्यानं नळीचं तोंड दाबून ती उलटीसुलटी केलेली. टोल्युइननं हळद धुऊन आत नेली असणार. तेवढ्यानंही भागलं असतं. पण मोजून झाल्यावर नळीतलं उरलेलं द्रावण तिनं ओतून टाकलं नव्हतं. परत कुपीत घातलं होतं. वाटीत उरलेली भाजी पातेल्यात परत घालावी तसं. चांगला माल वाया कशाला घालवायचा? नऊ वर्षांच्या स्वयंपाकघराचा हात, विचारायला न थांबणारा. म्हणून कुपी विटाळली होती. म्हणून तिसऱ्यांदाही हिरवा होता, आणि चौथ्यांदाही.

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी लॅबला गेली. घरून कागदाच्या पुडीत चिमूटभर हळद नेली होती. टोल्युइनमध्ये ढवळली, गाळली, दिवा मालवला. रेघ चढली आणि पाचशेदहाशी येऊन बसली. आधीचा आलेख तिनं त्याच्यावर ठेवला. एकीची सावली दुसरीवर पडावी तसे दोन्ही हिरवे जुळले. केसाचं अंतर राहिलं नाही.

तिनं दोन्ही आलेख छापले आणि कागद घडी करून पर्समध्ये घातले. बाहेर आली तर खैरुद्दीनांचा आवाज चढलेला.

"ग्यारह बार! ग्यारह बार में एक बार नहीं आया. मतलब क्या है इसका? पहला फ्लास्क गंदा था. आप धोए नहीं ठीक से."

"सर, मैंने धोया था. तीन बार धोती हूँ हमेशा."

"तो हिरवा आसमान से आया?" मराठी शब्द त्यांना लॅबमध्ये राहून लागले होते. एरवी सगळे हसले असते.

"बारा साल से लॅब चला रहा हूँ. ऐसा कचरा आज तक नहीं भेजा बाहर. अबुधाबी वालों को मैं क्या मुँह दिखाऊँ? खलास. गुरुवार को मीटिंग में तय करेंगे, आप सिंथेसिस में रहेंगे कि नहीं."

ईशानी वॉशबेसिनपाशी उभी राहून रडत होती, नळ सोडून, आवाज ऐकू जाऊ नये म्हणून. छाया तिच्याजवळ गेली. आत्ता, तिला वाटलं. आत्ताच सांगावं. पर्समधले कागद नुसते उघडायचे.

तिनं कूलरमधून ग्लासभर पाणी आणलं आणि ईशानीच्या हातात दिलं.

"घे. घोटभर पी."

"ताई, मी खरंच धुतला होता हो."

"मला माहीत आहे," छाया म्हणाली. इतकंच म्हणाली.

ईश्वरी झोपायच्या आधीच तिनं राजनला सांगितलं. बाल्कनीत, कपडे वाळत घालता घालता. राजन एका बांधकाम कंपनीत अंदाजपत्रकांचं काम करायचा. चुका कुणाच्या नावावर टाकायच्या याचा त्याला रोजचा अनुभव होता.

"हळद?" तो आधी हसला. मग तिचा चेहरा बघून गप्प झाला. "बरं. कुणाला माहितीय?"

"मला."

"तुझं सोड. दुसरं कुणाला?"

"कुणाला नाही."

"मग झालं. म्हातारा म्हणतोय फ्लास्क घाण होता. असेल घाण. ती पोरगी पंचवीसची आहे, तिला पुढं आयुष्य पडलंय. चार शिव्या खाईल, दुसऱ्या प्रोजेक्टला जाईल. तुझं रिन्यूअल पंधरा दिवसांवर आलंय, छाया."

"हिरवा खोटा निघाला की माझं रिन्यूअल तसंही जातंय."

"तसंही नाही जात! हिरवा खोटा निघाला तो तिच्या चुकीनं. तू तर नीट मोजलंस. मोजणाऱ्याचा काय दोष? उलट म्हणता येईल, हिच्यामुळे चूक सापडली." त्यानं चिमटा दोरीला लावला, परत काढला. "मी काही वाईट माणूस नाही ग. पण नऊ वर्षं तू या इथे उभी राहून पाणी बघत होतीस. मी आतून तुला बघत होतो. मला काय वाटायचं, ते मी तुला कधी सांगितलं नाही. परत तुला इथे उभं करायचं धाडस माझ्यात नाही."

त्यानं हे कधीच म्हटलं नव्हतं. छायाला त्याच्याशी भांडायचं होतं, ते भांडण तिथेच बसलं.

मंगळवार गेला. बुधवार गेला. कामावर ती ईशानीला मदत करत होती, तिच्या डब्यात चटणी घालत होती, तिच्याशी नेहमीपेक्षा गोड बोलत होती, आणि त्या गोडीचा तिला स्वतःलाच वास यायला लागला होता. माहेरी दळणं निवडताना आई जशी गुणगुणायची तशा चालीत दोन ओळी आपोआप तिच्या तोंडी येऊन बसल्या. तिच्याच होत्या, पण आवाज आईचा.

जिभेवरी ठेविला खडा, त्याला साखर म्हणू किती,
इरघळेना बाई माझ्या, दाताखाली झाली माती.

उजेड द्यायचा तर परत आपल्या जागी यावं लागतं, हे तिनंच बायकांना हलव्याच्या दाण्यावर समजावलं होतं. किती सोपं करून सांगितलं होतं! उंबऱ्यावर अडकलेल्याला तिथे काय वाटतं, हे कुणी विचारलं नव्हतं आणि तिनंही सांगितलं नव्हतं. तिथे अंधार नसतो. धग असते. ती आतल्या आत जाते आणि बाहेरच्याला काही दिसत नाही.

गुरुवारची मीटिंग. लांब टेबल, दाट, गोड करक चहाचे कागदी कप. खैरुद्दीनांसमोर ईशानीचा रिपोर्ट होता आणि तिच्या प्रगतिपत्रकाचा फॉर्म. पेन उघडं होतं.

"देखो बेटा," ते आज ओरडत नव्हते, ते जास्त वाईट होतं. "मेरे को बुरा लग रहा. लेकिन लिखना पड़ेगा. सिंथेसिस में लापरवाही, सॅम्पल दूषित. आपको दूसरे ग्रुप में—"

"सर, फ्लास्क साफ था."

सगळे छायाकडे वळले. तिलाच आपला आवाज दुसऱ्या कुणाचा वाटला.

"आप को कैसे मालूम?"

"हल्दी मेरी थी."

"क्या?"

"हल्दी, सर. जो हिरवा है, वो हल्दी का है. मेरे माथे की." तिनं घडी उलगडली. कागदांना घडीच्या रेघा पडल्या होत्या. दोन्ही आलेख तिनं एकावर एक ठेवून त्यांच्यापुढे सरकवले. आणि सगळं सांगितलं. हळदीकुंकू, घसरणारा चष्मा, अंगठा, आणि परत कुपीत ओतलेलं उरलेलं द्रावण. हिंदी अडखळत होती. हळदीकुंकवाला हिंदीत काय म्हणायचं ते तिला सुचेना. "एक फंक्शन होता है हमारा," ती म्हणाली, "लेडीज का."

कुणीतरी टेबलाच्या टोकाला हसू दाबलं. खैरुद्दीनांनी दोन्ही कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरले. बराच वेळ धरले. हिरवा हिरव्यावर होता.

"ये कब नापे आप?"

"सोमवार को. सुबह."

"आज गुरुवार है."

"जी."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचे डोळे चष्म्याशिवाय एकदम म्हातारे दिसायचे.

"मेरी अम्मी भी हर ज़ख़्म पे हल्दी लगाती थी," ते स्वतःशीच बोलावं तसं बोलले. मग फॉर्म फाडला, दोनदा, आणि तुकडे रिकाम्या कपात घातले. "अबुधाबी को मैं लिख देता हूँ कि हम नहीं आ रहे. और छाया जी, बोल दिए आप, अच्छा किए. लेकिन फाइल मैं नहीं ले जा सकता अब. झूठी उम्मीद नहीं देता मैं."

"समझती हूँ, सर."

"अट्ठाईस तक काम कीजिए. ठीक से हवाले कीजिए सब कुछ."

ती हो म्हणाली. गळ्यातली पट्टी कोटाच्या गुंडीत अडकली होती, ती सोडवत बसली.

मीटिंग सुटली. ईशानी तिच्यामागून कॉरिडॉरमध्ये आली. छायाला वाटलं, पोरगी गळ्यात पडेल. एवढं तरी वाटायचा आपल्याला हक्क आहे, असं तिला क्षणभर वाटून गेलं.

"सोमवारी सकाळी," ईशानी म्हणाली. "मी रडायच्या आधी की नंतर?"

"आधी."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं. तेव्हा. पर्समध्ये होतं तुमच्या."

"हो."

"तुम्ही मला पाणी आणून दिलंत, ताई."

छायानं गळ्यातली पट्टी मुठीत धरली.

"पाणी आणून दिलंत! आणि मी घरी फोन करून आईला सांगितलं, इथे एक ताई आहेत, आपल्या माणसासारख्या आहेत, काळजी करू नकोस." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली खाली जात राहिला. "मी तीन रात्री बसून स्वतःचे हात आठवत होते. कसा धरला, कसा धुतला. माझ्याच हातांवरचा माझा विश्वास गेला. तुम्ही आज बोललात, सगळे म्हणतील केवढं धैर्य. म्हणू देत. मला ते तीन दिवस कोण परत देणार?"

"कुणी नाही," छाया म्हणाली. तिच्याजवळ तेवढंच खरं होतं.

ईशानी निघून गेली. नंतरचे दोन दिवस छाया वह्या लावत बसली. जानेवारीतल्या त्या तीन दिवसांच्या प्रत्येक नोंदीपुढे, हिरव्याच्या प्रत्येक आकड्यापुढे, तिनं लिहिलं, "चूक. हळद. मोजणाऱ्याच्या हातून. छाया." अकरा कोऱ्या तांबड्यांपुढे लिहिलं, "बरोबर."

पुढच्या सोमवारी ईशानीनं पुन्हा फ्लास्क चढवला. आता हिरव्यासाठी नाही, नुसत्या साध्या तांबड्यासाठी. तेल दोनशेऐंशीला आलं की सुईनं दुसरं द्रावण एका दमात आत मारायचं, आणि कण वाढू लागतात. जरा घाई केली तर नारिंगी, जरा रेंगाळलं तर काळपट. म्हणून शेवटचं मिनिट दुसऱ्यानं मोठ्यानं मोजायचं, अशी त्या लॅबची रीत होती. फ्लास्क धरणाऱ्याचे डोळे तापमापीवर असतात, हात आचेवर, त्याला घड्याळाकडे बघता येत नाही.

छाया दाराशी उभी होती. यावं की जावं कळेना. आसपास तिसरं कुणी नव्हतं.

सुई आत गेली. पिवळ्या तेलात शेंदरी ढग फिरला. ईशानीनं मागे न बघता विचारलं, "मोजणार का?"

ताई म्हणाली नाही.

छाया पुढे आली, भिंतीवरच्या घड्याळाखाली उभी राहिली. काटा बारावर आल्यावर तिनं सुरुवात केली. मराठीतच. एक. दोन. तीन. शेंदरी गडद होत गेला. वीस. एकवीस. काचेच्या त्या पोटात कोट्यवधी घरं एकदम वाढत होती, आणि कुठल्या क्षणी थांबवायचं ते तिच्या तोंडात होतं.

अडतीसवर तिची नजर खाली गेली. फ्लास्क ज्या काचेच्या कपाटात होता, त्याच्या दाराला ईशानीनं आपला फोन आतून टेकवून ठेवला होता. पडद्यावर स्टॉपवॉच चालू होतं. प्रत्येक आकड्याला पोरीचे डोळे तापमापीवरून तिथे जात होते आणि परत येत होते.

छायानं ते पाहिलं. एकोणचाळीस, ती म्हणाली. चाळीस. आवाज तिनं लहान केला नाही. एक्केचाळीस. बेचाळीस.